आडव्या टाकीची काठी

धुलाईखान्यात तिला सगळे मापाडी म्हणत. हे नाव तिनं आपल्याच हातानं ओढवून घेतलं होतं. कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात साबणपुडीची गोणी काट्यावर टाकून तिनं दाखवून दिलं, की पंचवीस किलो छापलेल्या गोणीत पावणेचोवीसच भरतात. तेव्हापासून नवी गोणी आली की कोणीतरी हाक मारायचंच, "मापाडी, ये गं, बघ किती खाल्लं ते." ती यायची, ओठ मुडपून काट्याकडे बघायची, आणि बहुतेक वेळा कोणीतरी थोडं खाल्लेलं असायचंच.

जग आपल्याला थोडं थोडं कमी देतं, ही तिची पक्की खूणगाठ होती. शिंप्याकडे कापड टाकायच्या आधी ती ते स्वतः मोजायची. दूधवाल्याच्या मापाला आतून पोचा आहे का, हे बोट घालून बघायची. नवरा गवंडी होता, स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, "हिनं लग्नात माझीसुद्धा उंची मोजून घेतली असती, पण तेव्हा पट्टी हातात नव्हती म्हणून वाचलो." मापाची ही आवड वडलांकडून आली होती. वडील पत्र्याचे डबे, पिंपं, नरसाळी घडवायचे. किती पत्रा घेतला म्हणजे किती लिटरचा डबा होतो, हे त्यांच्या मांडीशी बसून ती शिकली. शाळा नववीत सुटली, पण भूमितीचं पुस्तक तिनं रद्दीत जाऊ दिलं नव्हतं.

धुलाईखाना मोठा होता. इस्पितळांच्या, वसतिगृहांच्या चादरी आणि पडदे तिथं ढिगांनी यायचे. धुवायला, वाळवायला आणि इस्त्रीला वाफ लागायची. वाफ करायला बॉयलर, आणि बॉयलरला डिझेल. मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, दोन हजार लिटरची डिझेलची टाकी होती. गोल पिंप जमिनीवर लोळवून ठेवावं तशी ती आडवी होती. शनिवारी संध्याकाळी टँकर यायचा आणि टाकी काठोकाठ भरून जायचा. सोमवार ते शनिवार ती रिकामी होत यायची. टाकीवर एक झाकण होतं, त्यातून काठी आत सोडायची, तळाला टेकली की वर काढायची आणि ओल कुठवर आली ते वाचायचं. ही काठी दोन वर्षांपूर्वी नव्या साहेबांनी करवून घेतली. टाकीचा व्यास शंभर सेंटिमीटर, म्हणून काठीवर शंभर खुणा. शंभर खुणांना दोन हजार लिटर, म्हणजे एका खुणेला वीस. साहेबांनी हे भागाकार करून फळ्यावर लिहून दाखवलं होतं आणि रोज संध्याकाळी काठी बुडवून वहीत नोंद करण्याचं काम मापाडीवर सोपवलं होतं. तिच्याइतकं चोख माप दुसरं कोण घेणार?

त्या काठीनं पहिल्या महिन्यातच चोर पकडून दिला.

तेव्हा बॉयलरवर वाफेकाका होते. सव्वीस वर्षांची नोकरी, पिकलेल्या मिशा, आणि टाकीला नुसती बोटानं टिचकी मारून "अर्ध्याच्या वर आहे" असं सांगायची सवय. काठीच्या नोंदी बोलायला लागल्या. टाकी भरली की पहिल्या दिवशी, सोमवारी, चारशेवीस लिटर डिझेल गायब. बाकीचे दिवस दोनशेचाळीस, दोनशेसाठ, फार तर दोनशेऐंशी. आठवड्याच्या बेरजेला सहानं भागलं तर दिवसाला येत होते दोनशेऐंशी. मग सोमवारचे वरचे एकशेचाळीस जातात कुठं? साहेबांनी सरळ अर्थ लावला. टाकी भरलेली दिसली की म्हाताऱ्याचे हात शिवशिवतात. भरल्या टाकीतलं काढलं तर कळत नाही, असं त्याला वाटतं. शिवाय टँकरवाल्याची पावती दर खेपेला अठराशे लिटरची, आणि काठी म्हणते सोळाशेऐंशीचीच जागा होती. म्हणजे टँकरवालाही त्यात सामील.

साहेबांनी वाफेकाकांना आणि मापाडीला खोलीत बोलावलं. वही टेबलावर उघडी होती.

"सोमवारी बॉयलर थंड असतो साहेब," वाफेकाका म्हणाले. "पेटायला जरा जास्त पितो."

"रोज संध्याकाळी थंडच होतो तो. सोमवारचंच कौतुक का?" साहेब तिच्याकडे वळले. "बाई, ही मापं बरोबर आहेत?"

"मी स्वतः घेतलीत," ती म्हणाली. "माझ्या मापात चूक नसते."

काका तिच्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते. ओळखीच्या घराचं दार चुकल्यावर माणूस बघतो, तसं काहीतरी ते बघणं होतं. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: अप्रामाणिक वर्तनामुळे सेवेतून कमी. जागा रिकामी झाली. मापाडीनं साहेबांपाशी शब्द टाकला, आणि महिन्याभरात तिचा धाकटा भाऊ बॉयलरवर आला.

चोर गेला म्हटल्यावर रोजची मोजणी कोणाला हवी होती? काठी फक्त शनिवारी बुडायला लागली, आणि टँकरवाल्याच्या अठराशेच्या पावतीवर साहेब तोंड वाकडं करून सही करत राहिले. दोन वर्षं तशीच गेली. मग मुख्य कचेरीतून फर्मान आलं, की इंधनाचा खर्च वाढतोय, पुन्हा रोजची नोंद पाठवा.

फर्मानानंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी पाचला तिनं झाकण उघडलं, काठी सोडली, वर काढली. ओल एकोणऐंशीवर होती. तिनं काठी पुसली आणि पुन्हा सोडली. एकोणऐंशी. शंभरातून एकोणऐंशी गेले, राहिले एकवीस. एकवीस विसा चारशेवीस.

बॉयलरच्या खोलीतून धाकट्याची शीळ ऐकू येत होती. तो हातपाय धूत होता.

तिनं वहीत खरा आकडा लिहिला, पण लिहिताना पेन जड झालं. धाकटा तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला तिनंच कडेवर घेऊन वाढवला. त्याची नस न् नस तिला ठाऊक होती, आणि तीच तर पंचाईत होती. बारा वर्षांचा असताना त्यानं वडलांची पत्रा कापायची कात्री भंगारात विकली होती. तीन दिवस घरभर शोधाशोध चालली होती, आणि हा सगळ्यांबरोबर खाटेखाली वाकून वाकून शोधत होता! एवढ्याशा चेहऱ्यावर रेघ उमटली नव्हती. आता पस्तिशीचा बाप्या झाला, दोन मुलांचा बाप झाला, म्हणून तो चेहरा बदलला असेल कशावरून?

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं नवी चप्पल घातलेली तिनं पाहिली. नवी चप्पल! एरवी तिच्या लक्षातही आली नसती. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाबाहेर कोणाशी तरी बोलत होता. ती खिडकीआडून बघत राहिली. तो माणूस नुसता पत्ता विचारून निघून गेला, तरी तिला वाटलं, पत्ता सांगायला इतका वेळ लागतो?

तिनं आडून विचारून पाहिलं. "सोमवारी बॉयलर जास्त पेटवावा लागतो का रे?"

"नाही गं. का?"

"सहज."

"तू सहज कधी विचारतेस ताई?" तो हसला. त्या हसण्याचाही तिनं अर्थ लावून पाहिला आणि दोन्हीकडून लावला तरी तो वाईटच निघाला.

रविवारी ती भावाच्या घरी गेली. भावजय आत भांडी आवरत होती. जिन्याखाली एक निळा कॅन दिसला, वीस लिटरचा, कापडानं झाकलेला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, वाकून झाकण फिरवलं आणि नाक खाली नेलं. नुसतं पाणी होतं. उन्हाळ्यात नळ दगा देतो म्हणून भरून ठेवलेलं.

"ताई, काय शोधताय?" भावजय मागे उभी होती.

"काही नाही. वास कसला येतोय म्हटलं."

"पाण्याला?" भावजयीनं एवढंच विचारलं आणि कॅनचं झाकण स्वतःच्या हातानं घट्ट बसवलं. त्या दुपारी दोघी बोलल्या ते हवापाण्याचं. निघताना भावजय दारापर्यंत आली नाही.

दुसऱ्या सोमवारी काठी पुन्हा एकोणऐंशी म्हणाली. आता कोणी वही पाहिली असती तर दोन्ही सोमवार डोळ्यात खुपले असते. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. तिनं पेन उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं माप लिहिलं. शहाऐंशी. चौदा खुणा, दोनशेऐंशी लिटर, साहेबांना हवे तेवढेच.

पण एक खोटं लिहिलं की त्याला पोसावं लागतं. मंगळवारी काठी सहासष्टवर होती. तिनं पुन्हा चौदाच वजा केले आणि बहात्तर लिहिले. बुधवारी खरे चोपन्न, लिहिले अठ्ठावन्न. गुरुवारी खरे बेचाळीस, लिहिले चव्वेचाळीस. रोज रात्री ती ताट अर्धंच ठेवून उठायची. नवरा म्हणाला, "तब्येत दाखवून ये." ती म्हणाली, "माझी नाही, दुसऱ्याची बिघडलीय."

शुक्रवारी तिनं काठी काढली. आज चौदा वजा करून तीस लिहायचे होते. ओल तिसावर होती.

तिनं पेन खाली ठेवलं. आज खोटं लिहायची गरजच उरली नव्हती. शनिवारीही खरा आकडा सोळा आणि लिहायचा आकडा सोळा. तिनं लपवलेली चोरी आपोआप भरून निघाली होती! म्हणजे काय झालं? सोमवारी कोणी एकशेचाळीस लिटर काढून नेलं, आणि मंगळवार ते शुक्रवार थोडं थोडं आणून परत ओतलं? असा चोर तिनं ना पाहिला होता, ना ऐकला होता.

शनिवारी टँकर येऊन गेल्यावर ती कपाटातून दोन वर्षांपूर्वीची वही काढून बसली. वाफेकाकांचा महिना. सोमवार चारशेवीस. पुढचा सोमवार चारशेदहा. पुढचा चारशेवीस. आणि बुधवार, गुरुवार? दोनशेचाळीस, दोनशेचाळीस. एक म्हातारा, एक तरुण. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं. दोन चोरांची ओंजळ लिटरालिटरानं सारखी कशी? आणि चादरींच्या फेऱ्या तर रोज तेवढ्याच असतात. मग चारशेवीस जास्त होते, की बुधवारचे दोनशेचाळीसच कमी होते? दोनशेचाळीसवर बॉयलर दिवसभर चालला तरी कसा?

इतकी वर्षं ती माणसांवर संशय घेत आली होती. काठीवर कधी घेतला नव्हता.

रविवारी सकाळी तिनं घरातला एक गोल डबा रिकामा केला, नवऱ्याकडून त्याच्या कुशीला भोक पाडून घेतलं आणि डबा दोन विटांच्या मध्ये आडवा ठेवला. मग कपानं मोजून पाणी ओतायला सुरुवात केली. दर कपाला पट्टी बुडवायची आणि लिहायचं. पहिला कप पडला तशी पातळी भसकन चढली. पुढचे कप पडले तशी चढण मंदावत गेली. डबा निम्मा झाला तेव्हा तर कप ओतूनही पातळी हलल्यासारखी वाटेना. निम्म्याच्या वर गेल्यावर पुन्हा वेग आला, आणि शेवटचा कप असा चढला की पाणी भोकातून बाहेर आलं.

"पोट मध्ये सुटलंय त्याचं," नवरा म्हणाला. "तळाला आणि माथ्याला निमुळता."

"मग एका खुणेला वीस लिटर कसे?" ती जवळजवळ ओरडलीच. "मधल्या खुणेला जास्त आणि वरच्या खुणेला कमी बसणार! उभ्या पिंपाचा हिशोब आडव्याला लावला आम्ही!"

पण डबा म्हणजे टाकी नव्हे. मुलीच्या वहीतला आलेखाचा कागद घेऊन तिनं त्यावर दहा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. हा टाकीचा तोंडवळा. कागदावरची एक मिलिमीटरची ओळ म्हणजे काठीवरची एक खूण. मग ती एकेका ओळीतले बारीक चौकोन मोजत बसली. कडेचे अर्धेमुर्धे जोडून एक धरायचे. सोमवारच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या एकवीस ओळी मोजायला तासभर गेला. भरले अकराशे नव्याण्णव. मग गुरुवारच्या, मधल्या बारा ओळी. भरले अकराशे शहाण्णव. तिनं पुन्हा मोजले. एकवीस ओळींत जेवढे, तेवढेच बारा ओळींत. उरलेले दिवसही तसेच निघाले. बॉयलर रोज तीनशे लिटर पीत होता, सोमवारीही आणि गुरुवारीही. सहा दिवसांचे अठराशे. टँकरवाल्याच्या पावतीवर अठराशेच असायचे.

कोणीही काही चोरलं नव्हतं. दोन वर्षांत एक थेंबसुद्धा.

तिला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी ती त्या कागदावर हात ठेवून बसून राहिली, कारण "माझ्या मापात चूक नसते" हे कोणी कोणाला ऐकवलं होतं, ते तिला आठवत होतं.

सोमवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. आधी कागद दाखवला, मग वही उघडून म्हणाली, "आणि मागच्या आठवड्याचे पहिले चार आकडे मी खोटे लिहिलेत."

साहेबांनी कागद आणि वही शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाले, "बाई, बॉयलरवर तुमचा भाऊ. नोंद तुमची. खोटी नोंद केल्याचं तुम्हीच सांगताय. आणि आता भाऊ निर्दोष असल्याचं गणितही तुमचंच. मी तुमच्या जागी असतो तर यातल्या कशावर विश्वास ठेवला असता?"

"कशावरच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणते, माझ्यावर ठेवू नका. शनिवारी टँकर येईल तेव्हा स्वतः उभे राहा. शंभर लिटर पडले की थांबवायचं आणि काठी तुम्ही बुडवायची."

"टँकरचं मीटर खरं कशावरून?"

"पहिले शंभर सरकारी शिक्क्याच्या मापानं मोजून घेऊ. वीस लिटरचं माप, पाच वेळा. मीटर जुळलं तर पुढं त्यावर चालू."

साहेबांनी मान हलवली, पण तो आठवडाभर त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली. रोज संध्याकाळी काठी बुडवायला तेच यायचे. धुलाईखान्यात कुजबुज सुरू झाली. बहीणभाऊ दोघं मिळून, असं कोणीतरी म्हणालं. इस्त्रीवाल्या बायका ती जवळ आली की चादरींविषयी बोलायला लागायच्या. धाकट्याला काही कळेना. त्यानं दोनदा विचारलं, आणि तिनं दोनदा "शनिवारी कळेल" एवढंच सांगितलं.

शनिवारी टँकर आला. टँकरवाला खाली उतरून हाताची घडी घालून उभा राहिला. दोन वर्षं त्यानं या फाटकात चोर हा शब्द ऐकला होता, आता त्याला घाई नव्हती. शिक्क्याच्या मापानं पाच खेपा झाल्या आणि मीटर बरोबर शंभरावर थांबलं. साहेबांनी काठी बुडवली. पातळी पाच खुणा चढली होती. पुढचे शंभर, पुढचे शंभर. प्रत्येक वेळी मापाडी सोबत आणलेली दुसरी, कोरी काठी बुडवून ओल पोचेल तिथं कानशीनं खाच पाडत होती. मध्याला आल्यावर शंभर लिटरला धड चार खुणासुद्धा चढेनात. साहेबांनी एकदा तर काठी उलटीपालटी करून पाहिली. मध्य ओलांडल्यावर खाचा हळूहळू लांब लांब पडायला लागल्या. शेवटचे शंभर लिटर पडले तेव्हा पातळी जवळजवळ दहा खुणा चढून काठाला आली. मीटर अठराशे दाखवत होतं.

"पहिल्या दिवशी टाकी भरभर उतरते," मापाडी हळूच म्हणाली, "ती याच्यामुळे."

टँकरवाला घसा खाकरून म्हणाला, "साहेब, माझ्या पावतीवर सही करताना आता तोंड वाकडं नका करू." आणि गाडी घेऊन गेला.

साहेब नव्या काठीकडे बघत होते. "हीच वापरा आता," ते म्हणाले.

"आणि वाफेकाका?"

"ते प्रकरण मिटलंय बाई. दोन वर्षं झाली."

धाकटा बॉयलरखोलीच्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता. साहेब गेल्यावर तो जवळ आला. "म्हणजे तुला वाटलं होतं, की मी..."

ती खोटं बोलू शकली असती. नुकतीच शिकली होती. "हो," ती म्हणाली.

"कॅनचा वास घेतलास, हे मला घरात कळलं होतं. मी बायकोलाच रागावलो. म्हटलं, ताईच्या मनात असं येणारच नाही."

तो आत गेला. त्या दिवशी त्यानं शीळ घातली नाही.

दुसऱ्या दिवशी मापाडी वाफेकाकांचं घर शोधत गेली. तिसऱ्या गल्लीत, जिन्याखालची एक खोली. काका स्टोव्ह दुरुस्त करून द्यायचे. दारात चार-दोन स्टोव्ह उघडे पडले होते. तिला बघून त्यांनी दाराची साखळी काढली नाही, फटीतूनच बोलले. धुलाईखान्यात असताना ते तिला पोरी म्हणत.

"काय काम आहे बाई तुमचं?"

तिनं फटीतून कागद आत दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, कप, चौकोन, शनिवारच्या खाचा. काका ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. मग साखळी निघाली. त्यांनी एक स्टोव्हची टाकी उचलली, आडवी धरली, हलवून पाहिली, कागदावरच्या वर्तुळावर बोट फिरवलं.

"टिचकी मारली की हे मला ऐकू यायचं," ते म्हणाले. "वर टाकी पातळ बोलते, मध्ये जड बोलते. पण टिचकीची नोंद वहीत होत नाही." मग त्यांनी मान वर केली. "हे गणित नववीच्या पुस्तकातलं ना?"

"हो."

"मग तेव्हा का नाही केलं?"

या प्रश्नाचं उत्तर ती वाटभर घोळवत आली होती. "तेव्हा चोर परका होता," ती म्हणाली. "मोजून बघावंसं वाटलं नाही."

काकांनी कागदाची घडी करून तिला परत दिली. "माफी मला घरात येऊन सांगू नका. माझी बदनामी फलकावर लागली होती."

सोमवारी सकाळी फलकावर एक कागद दिसला, मापाडीच्या अक्षरात. काठी चुकीची होती, त्या काठीवरून मी दिलेली मापं चुकीची होती, वाफेकाकांनी डिझेल चोरलेलं नाही. खाली तिची सही. साहेबांनी दुपारपर्यंत कागद काढून टाकला. मंगळवारी तो पुन्हा लागला. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, खोट्या नोंदीबद्दल तुम्हालाही घरी बसवता येतं मला. ती म्हणाली, "बसवा. पण त्याचाही कागद फलकावर लावा, म्हणजे दोन्ही शेजारी राहतील." बुधवारी कागद तिसऱ्यांदा लागला आणि आता त्याच्याभोवती बायका जमल्या, कोणीतरी मोठ्यानं वाचूनही दाखवला. साहेब गर्दीतून वाट काढत आले. सगळ्यांना वाटलं, फाडणार. त्यांनी खिशातून पेन काढलं, तिच्या सहीखाली आपली सही केली आणि कोणाकडे न बघता निघून गेले. खोट्या नोंदीबद्दल तिला लेखी समज मिळाली. तीही तिनं घडी न करता कपाटाच्या दारावर आतून चिकटवली.

शुक्रवारी वाफेकाका आले. धुवट सदरा, हातात छत्री. फलकासमोर उभं राहून त्यांनी कागद सावकाश वाचला, दोन्ही सह्या बघितल्या. मग मागच्या अंगणात गेले. धाकट्यानं आपलं स्टूल पुढं केलं, ते बसले नाहीत. बॉयलरच्या दाबाचा काटा बघून एवढंच म्हणाले, "डाव्या बाजूची झडप गळतेय, बघून घे." पुन्हा कामावर येता का, असं साहेबांनी खोलीतून निरोप पाठवून विचारलं, तेव्हा स्टोव्हची कामं खोळंबलीत म्हणून त्यांनी नकार कळवला. फाटकाशी मापाडी उभी होती. तिच्याजवळून जाताना त्यांनी मान किंचित हलवली. ती ओळखीची होती की माफीची, हे तिनं पुढं कितीतरी दिवस मनात घोळवलं, पण ठरवता आलं नाही.

धाकटा तीन महिने तिच्या घरी आला नाही. कामावर बोलायचा, पण कामापुरतंच. एक मात्र त्यानं त्या शनिवारनंतर कामावर आल्या आल्या सांगून टाकलं होतं: "यापुढं काठी तू एकटीनं बुडवायची नाहीस. मी समोर असणार, आणि वहीत दोघांची सही होणार." ती हो म्हणाली. मग रोज पाचला दोघं टाकीपाशी यायचे; ती काठी सोडायची, तो ओल वाचायचा, ती पुन्हा वाचायची. पाऊस असला तर तो तिच्या डोक्यावर पत्र्याचा तुकडा धरायचा. बोलणं नसायचं, आकडा तेवढा दोघांच्या तोंडून यायचा.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी सही करता करता तो म्हणाला, "बायको म्हणते, रविवारी जेवायला या."

"ती म्हणते, की तू म्हणतोस?"

"आता यातही मोजणार का ताई?" तो म्हणाला आणि पेन तिच्या हातात दिलं.

रविवारी ती गेली. जिन्याखालचा कॅन होता तिथंच होता. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं, आणि भावजयीनं ते टाळणं बघितलं.